सौरज्वालांतले गॅमा किरण आणि वेगवान आयन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण कोथरूडमधल्या एका गच्चीवर छोटी दुर्बीण लावून सूर्य दाखवतो. कागदावर पडलेल्या चकतीतले डाग पोरं मोजतात, पालक मागे उभे राहून फोनवर बोलतात, आणि तासाभरात कुणीतरी हमखास विचारतं, "यातून रेडिएशन येतं ना हो?" मे २०२४मध्ये लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश दिसला, त्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरले, आणि तेव्हापासून सौरज्वाला हा शब्द घरोघरी पोचला. गॅमा किरणांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकदाचे लिहून काढतोय. क्रम गच्चीवरच्या गप्पांचाच आहे, त्यामुळे थोडा वेडावाकडा आहे.

सौरज्वाला म्हणजे सूर्यावर भडकलेली आग का?

नाही. "ज्वाला" हे नावच फसवं आहे. सूर्यावर काही जळत नाही. सौरडागांच्या वर चुंबकीय क्षेत्राच्या कमानी उभ्या असतात. त्यांचे पाय खालच्या खदखदत्या वायूत रुतलेले, त्यामुळे त्यांना सतत पीळ बसत राहतो. सुतळीला पीळ देत गेलात की एका क्षणी ती हातातून उसळते, तसं काहीसं होतं. विरुद्ध दिशेच्या क्षेत्ररेषा जवळ येतात, तुटतात आणि नव्या जोडीदाराशी जुळतात. याला चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतात. पिळात साठलेली ऊर्जा मग काही मिनिटांत सुटते. मोठ्या ज्वालेत हा आकडा १ वर २५ शून्यं इतक्या ज्यूलपर्यंत जातो.

ए, बी, सी, एम, एक्स ही ज्वालांची प्रतवारी क्ष-किरणांच्या तीव्रतेवरून ठरते, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दसपट असते. बातम्यांत येते ती बहुतेक वेळा एक्स.

सूर्याच्या पोटात फ्यूजन चालू आहे, त्यातून गॅमा किरण निघतातच. मग ज्वालेतल्या गॅमाचं एवढं कौतुक कशाला?

गाभ्यातले गॅमा किरण गाभ्यातच अडकतात. एका कणावरून दुसऱ्यावर आपटत, ऊर्जा गमावत, ती ऊर्जा पृष्ठभागाशी पोचायला हजारो-लाखो वर्षं जातात, आणि तोवर तिचा साधा सूर्यप्रकाश झालेला असतो. तुमच्या गॅलरीत वाळत घातलेले पापड ज्या उन्हात कडक होतात, ते ऊन एके काळी गॅमा होतं म्हणायला हरकत नाही. ज्वालेतले गॅमा मात्र सूर्याच्या वातावरणात, अगदी वरच्या थरांत तयार होतात आणि ८ मिनिटं २० सेकंदांत थेट आपल्यापाशी येतात. मध्ये कुणी त्यांना हात लावत नाही.

ज्वाला भयंकर तापलेली असते, म्हणून गॅमा निघतात, बरोबर ना?

हे चुकीचं उत्तर मी स्वतः एकदा एका शाळेत ठणकावून दिलं आहे. नववीतल्या एका मुलीनं शांतपणे विचारलं, "सर, किती डिग्रीला गॅमा येतो?" मी फळ्यावर हिशेब मांडायला घेतला आणि तिथेच गारठलो.

हिशेब असा. ज्वालेतला वायू १ ते ३ कोटी अंशांपर्यंत तापतो. २ कोटी अंशांना कणाची सरासरी उष्णता-ऊर्जा अडीच हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे ऊर्जेचं इवलंसं एकक) आसपास भरते. ही क्ष-किरणांची पातळी झाली. आपण बोलतोय त्या गॅमा किरणांची ऊर्जा दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या, म्हणजे १ एमईव्हीच्या घरात किंवा तिच्या कितीतरी वर. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा जेमतेम २ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, यावरून अंदाज करा. तापमान कितीही ताणलं तरी हे अंतर भरत नाही. त्यासाठी गर्दीतून निवडक कण उचलून कुणीतरी त्यांना पळवावं लागतं. पुनर्जोडणीच्या जागी आणि तिच्या आसपास नेमकं तेच घडतं: काही इलेक्ट्रॉन आणि काही आयन प्रचंड वेगानं फेकले जातात.

आयन म्हणजे इथे नक्की कोण?

इलेक्ट्रॉन गळून पडलेले अणू. सूर्यावर बहुतांश हायड्रोजन, म्हणून बहुतांश आयन म्हणजे नुसते प्रोटॉन. त्याखालोखाल हेलियमची केंद्रकं, म्हणजेच अल्फा कण. कार्बन, ऑक्सिजन, निऑन, मॅग्नेशियम, लोह चवीपुरते. पण पुढच्या गोष्टीत हे चवीपुरतेच भाव खाऊन जातात.

बरं, मग या आयनांपासून गॅमा किरण कसा निघतो?

पळवलेला प्रोटॉन चुंबकीय कमानीवरून खाली उतरतो आणि दाट थरात घुसतो. तिथे त्याची गाठ एखाद्या कार्बनच्या केंद्रकाशी पडते. टक्कर पुरेशी जोराची असेल, साधारण १० एमईव्ही किंवा त्याच्या आगेमागे, तर कार्बनचं केंद्रक फुटत नाही, पण उत्तेजित होतं. या अवस्थेत ते टिकत नाही. सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही कमी वेळात ते जादाची ऊर्जा एका गॅमा फोटॉनच्या रूपानं फेकतं आणि मूळ पदावर येतं.

खरी गंमत पुढे आहे. कार्बन ही ऊर्जा नेहमी ४.४४ एमईव्हीलाच फेकतो. ऑक्सिजनची ठरलेली ६.१३, निऑनची १.६३, मॅग्नेशियमची १.३७, सिलिकॉनची १.७८, लोहाची ०.८४७. हे आकडे सूर्य पाळतो आणि पुण्यातली प्रयोगशाळाही पाळते. म्हणून ज्वालेचा गॅमा वर्णपट कागदावर काढला की त्यात हे उंचवटे ओळीनं दिसतात. असा एक आलेख मी लांबलचक कागदावर छापून नेतो. पोरं त्यावरून बोट फिरवत "हा ऑक्सिजन, हा कार्बन" म्हणत जातात. कागद आता घड्यांवर फाटायला आलाय.

या उंचवट्यांनाच रेषा म्हणतात, आणि त्यांची रुंदीही बोलते. प्रोटॉन जड केंद्रकावर आपटला तर जड केंद्रक फारसं हलत नाही, रेषा अरुंद राहते. उलट, पळणारा जड आयन स्वतःच हायड्रोजनवर आपटला, तर फोटॉन सोडताना तो भरधाव असतो आणि डॉप्लर परिणामानं त्याची रेषा पसरट होऊन जाते. खडकी स्टेशनात न थांबता जाणाऱ्या गाडीचा हॉर्न जसा येताना चढा आणि जाताना उतरलेला ऐकू येतो, तसंच. रेषा किंचित कमी ऊर्जेकडे सरकलेली सापडली, तर मार बसलेली केंद्रकं आपल्यापासून दूर, म्हणजे सूर्यात खालच्या दिशेनं ढकलली गेली आहेत असं समजतं. २३ जुलै २००२च्या ज्वालेत अशी सरकलेली रेषा मोजता आली.

अल्फा कणांची स्वतंत्र सहीसुद्धा असते. अल्फा हेलियमवर आपटला की लिथियम आणि बेरिलियम बनतात आणि ०.४७८ व ०.४२९ एमईव्हीच्या दोन रेषा शेजारी शेजारी उमटतात.

सगळ्यात उंच रेषा २.२२३ एमईव्हीची दिसते. ती कोणत्या मूलद्रव्याची?

माझी सगळ्यात आवडती रेषा ही, तेव्हा इथे जरा रेंगाळणार आहे.

आयनांच्या टकरींत काही केंद्रकं फुटतात आणि न्यूट्रॉन सुटे होतात. न्यूट्रॉनवर विद्युतभार नाही, तेव्हा तो चुंबकीय क्षेत्राला जुमानत नाही. काही न्यूट्रॉन वर अवकाशात निसटतात, काही खाली दीप्तिमंडलात, म्हणजे सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागात, शिरतात. तिथे हायड्रोजनच हायड्रोजन. पण सुसाट न्यूट्रॉनला हायड्रोजन पकडू शकत नाही. आपटत-धोपटत त्याचा वेग पार उतरतो आणि मग एखादा प्रोटॉन त्याला गाठतो. दोघं मिळून ड्युटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं, केंद्रक होतं आणि जुळण्याच्या त्या क्षणी २.२२३ एमईव्हीचा फोटॉन बाहेर पडतो. म्हणजे ही रेषा मूलद्रव्य असण्याची नाही, नवं केंद्रक जन्मल्याची आहे. ड्युटेरियमची बंधनऊर्जा थोडी जास्त, २.२२५च्या जवळ भरते. तो इवलासा फरक कुठे गेला? फोटॉन पुढे गेला की केंद्रक मागे सरकतं, त्या धक्क्यात तो गेला. असे हिशेब जुळले की मला उगीचच बरं वाटतं.

न्यूट्रॉनला शांत व्हायला वेळ लागतो, म्हणून ही रेषा बाकीच्या रेषांच्या मागे साधारण १०० सेकंद रेंगाळते. कार्बन-ऑक्सिजनच्या रेषा विझल्या तरी २.२२३ चालूच असते. वरातीचे वाजंत्री पुढे निघून गेले तरी मागे नाचणारे संपत नाहीत, तसं.

या रेंगाळण्याचाही उपयोग होतो. दीप्तिमंडलात हेलियम-३ थोडं असतं आणि तेही न्यूट्रॉन गिळतं, पण फोटॉन न सोडता. त्यामुळे रेषा किती वेगानं मंदावते यावरून सूर्यावर हेलियम-३ किती आहे याचा अंदाज बांधता येतो. प्रकाशाच्या वर्णपटातून तो बांधणं फार अवघड.

आणखी एक खूण: ज्वाला सूर्याच्या अगदी कडेवर असेल तर ही रेषा फिकी पडते, कारण फोटॉनला दीप्तिमंडलाच्या थरांतून तिरकं बाहेर यावं लागतं आणि वाटेत तो विखुरला जातो. कार्बनची रेषा वरच्या थरात तयार होते, तिला हा त्रास बराच कमी.

०.५११ एमईव्हीची रेषा कशाची?

पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा) आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना भेटून नाहीसे होतात, त्यांच्या वस्तुमानाचे दोन फोटॉन होतात. टकरींत तयार झालेली किरणोत्सारी केंद्रकं पॉझिट्रॉन सोडतात, तिथून हे येतात. पॉझिट्रॉन स्कॅन करतात त्या हॉस्पिटलातल्या यंत्रातही हाच आकडा वापरतात.

याहून जास्त ऊर्जेचे गॅमा असतात का?

असतात. प्रोटॉनची ऊर्जा साधारण ३०० एमईव्हीच्या वर गेली की टकरीत पायॉन नावाचे कण निर्माण होतात. विद्युतभार नसलेला पायॉन क्षणात दोन गॅमा फोटॉनांत मोडतो. त्यांचा वर्णपट रेषेसारखा टोकदार नसून ६७ एमईव्हीच्या आसपास रुंद फुगवटा आलेला दिसतो. हा फुगवटा दिसला म्हणजे सूर्यानं त्या दिवशी कणांना फारच पळवलं, असं समजा.

क्ष-किरणांवरून ज्वाला समजतेच की. गॅमाची वेगळी यंत्रणा कशासाठी?

सगळ्या प्रश्नांत मला महत्त्वाचा वाटतो तो हा.

कठोर, म्हणजे जास्त ऊर्जेचे, क्ष-किरण इलेक्ट्रॉनांबद्दल सांगतात. वेगवान इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळून जाताना करकचून ब्रेक लागल्यासारखा वळतो आणि क्ष-किरण सोडतो. प्रोटॉन त्याच्या १८३६ पट जड. तो असा सहज वळत नाही, म्हणून त्या मार्गानं जवळपास काहीच सोडत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं ज्वालेचा जमाखर्च इलेक्ट्रॉनांच्या वहीतूनच मांडला जात होता. आयनांची वही कोरीच. तिकडे अवकाशात उपग्रहांवर येऊन आदळणारे प्रोटॉन मोजता येत होते, पण ते सूर्यावरून सुटलेले कण. सूर्यावर राहून खाली आपटलेल्या आयनांनी किती ऊर्जा नेली, हे त्यांच्यावरून कळत नाही. ते सांगतात फक्त गॅमा रेषा आणि न्यूट्रॉन.

वही उघडली तेव्हा मोठी रक्कम निघाली. सोलर मॅक्झिमम मिशन या १९८० ते १९८९ चाललेल्या उपग्रहाच्या नोंदी तपासताना निऑनची १.६३ची रेषा अपेक्षेपेक्षा जोरकस आढळली. ही रेषा कमी ऊर्जेच्या आयनांनीही उठते. म्हणजे कमी ऊर्जेचे आयन भरमसाठ असले पाहिजेत, आणि त्यांची ऊर्जा मिळवली की आयनांचा एकूण वाटा इलेक्ट्रॉनांच्या तोडीस तोड भरतो. १ एमईव्हीच्या खालचे आयन तर गॅमा रेषा उमटवतच नाहीत, तेव्हा खरा वाटा याहून मोठा असू शकेल. मला विचाराल तर सौरज्वालेचं अर्धं गुपित याच न दिसणाऱ्या आयनांत आहे.

हे सगळं पहिल्यांदा कधी दिसलं?

४ आणि ७ ऑगस्ट १९७२च्या ज्वालांत, ओएसओ-७ उपग्रहावरच्या उपकरणानं. एडवर्ड चप यांच्या गटानं ०.५११, २.२२३, ४.४४ आणि ६.१३ एमईव्हीच्या रेषा नोंदवल्या. अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं होतं आणि अपोलो १७ डिसेंबरमध्ये गेलं. अंतराळवीर चंद्रावर असते तर त्यांना तो ऑगस्ट फार महाग पडला असता.

गॅमा किरणांचा फोटो काढता येतो का?

भिंगानं नाही. गॅमा भिंगातून आणि आरशातून सरळ आरपार जातो. रेसी या उपग्रहावर, जो ५ फेब्रुवारी २००२ला सोडला गेला, यासाठी वेगळी युक्ती होती. दीड मीटर अंतरावर बारीक जाळ्यांच्या नऊ जोड्या आणि त्यांच्या मागे थंड केलेले जर्मेनियमचे नऊ शोधक. उपग्रह मिनिटाला १५ फेऱ्या स्वतःभोवती घेई. जाळ्यांची सावली शोधकावर सरकत जाई आणि आलेल्या फोटॉनांची संख्या कमीजास्त होई. त्या चढउतारांतून गणितानं चित्र उभं करायचं. लोखंडी जाळीच्या कठड्याशेजारून स्कूटरवर जाताना पलीकडचा दिवा लुकलुकतो, तीच कल्पना. या मोहिमेच्या इंग्रजी नावातला आर म्हणजे रूवेन रमाती, ज्यांनी या रेषांचं गणित आयुष्यभर केलं. उड्डाण बघायला ते हयात नव्हते.

याच उपग्रहानं २३ जुलै २००२ला पहिल्यांदा सौरज्वालेचं गॅमा चित्र दिलं आणि एक धक्काही दिला. २.२२३ची जागा, म्हणजे आयन जिथे आपटले ती, इलेक्ट्रॉनांच्या जागेपासून साधारण २० विकला (कोन मोजायचं बारीक एकक), म्हणजे जवळपास १५ हजार किलोमीटर सरकलेली होती. पृथ्वीच्या व्यासाहून जास्त! एकाच ज्वालेतले दोघे एकाच वाटेनं उतरतील अशी सगळ्यांची समजूत होती. २८ ऑक्टोबर २००३च्या ज्वालेत कमानीचे दोन पायथे दिसले, पण तिथेही आयनांचे पायथे हललेलेच. आयन बहुधा जास्त लांबीच्या कमानींत पळवले जातात, हे एक स्पष्टीकरण. त्यावर एकमत झालेलं नाही.

ज्वाला मिनिटांत संपते म्हणता, मग गॅमा २० तास चालू राहिल्याची बातमी खोटी होती?

खरी होती. ७ मार्च २०१२च्या ज्वालेनंतर फर्मी या अवकाशातल्या गॅमा दुर्बिणीला १०० एमईव्हीच्या वरचे गॅमा सुमारे २० तास दिसत राहिले. जून १९९१मध्येही असा काही तासांचा नमुना सापडला होता. इतका वेळ आयनांना कोण पळवत राहतं? ज्वालेसोबत सुटलेल्या वायूच्या महाकाय लोटापुढे धक्कालाट असते. तिनं पळवलेले कण मागे सूर्यावर परततात, असा एक पक्ष. मोठ्या कमानींत कण अडकून हळूहळू गळतात, असा दुसरा. १ सप्टेंबर २०१४ची ज्वाला तर सूर्याच्या पलीकडच्या बाजूला झाली आणि गॅमा अलीकडून आले. पहिल्या पक्षाला यानं बळ मिळालं, पण वाद मिटला नाही.

आपल्या पुण्याचं सूट हे गॅमा बघतं का?

नाही, आणि हे सांगितलं की समोरचा हिरमुसतो. आदित्य-एल१ हे सूर्य बघणारं भारतीय यान, २ सप्टेंबर २०२३ला श्रीहरिकोट्याहून निघालेलं, त्यावरची सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकारानं बनली. ती २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात, ११ गाळण्यांतून सूर्य बघते. त्याच यानावरचं हेलिओस हे उपकरण कठोर क्ष-किरण मोजतं, पण १५० हजार इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतच. केंद्रकांच्या रेषा त्याच्या कितीतरी वर सुरू होतात.

तरी हिरमुसू नका. वेगवान कण खाली आपटतात त्या थरांत अतिनील प्रकाश उजळतो. २२ फेब्रुवारी २०२४ची एक्स ६.३ दर्जाची ज्वाला सूटनं अशीच टिपली. घाव कुठे पडला ते सूट दाखवते, घाव कुणी घातला ते गॅमा सांगतो.

सूर्यावरचे न्यूट्रॉन पृथ्वीवर येतात का?

काही येतात. मोकळा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांच्या आत मोडतो, आणि सूर्य तर लांब. १०० एमईव्हीच्या न्यूट्रॉनला इथवर यायला १९ मिनिटांहून थोडं जास्त लागतं, त्यातले तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास तग धरतात. १ एमईव्हीच्या न्यूट्रॉनला तीन तास लागतात, तो कसला पोचतोय! ३ जून १९८२च्या ज्वालेतले न्यूट्रॉन स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखच्या डोंगरावरच्या यंत्रानं जमिनीवर पकडले.

लहान मुलांना, गरोदर बायकांना यातून काही धोका?

नाही. डोक्यावरची हवा वजनानं १० मीटर पाण्याच्या थराइतकी आहे. ज्वालेचे गॅमा त्यात वरच्या वर संपतात, म्हणूनच ही उपकरणं उपग्रहांवर बसवावी लागतात. ज्वालेच्या क्ष-किरणांनी दिवसा लघुलहरी रेडिओ काही काळ बंद पडू शकतो, एवढंच. पुण्यातल्या दुपारच्या उन्हात टोपी घाला, ते जास्त उपयोगाचं.

मग पुण्यातून आम्ही बघायचं तरी काय?

डाग बघा. ज्वाला त्यांच्याच डोक्यावर होतात. पुण्याला सूर्याचा नाद जुना आहे. १८८८मध्ये कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. १८९८चं खग्रास ग्रहण त्यांनी सोलापूरकडच्या जेऊरला जाऊन अभ्यासलं. १९१२मध्ये वेधशाळा बंद झाली आणि तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. हळहळ वाटते खरी.

दुर्बिणीतून सूर्याकडे थेट कधीच बघायचं नाही, क्षणभरही नाही. दुर्बिणीच्या मागे वीतभर अंतरावर पांढरा कागद धरा आणि चकती त्यावर पाडा. नेत्रिका, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, काचेची आणि धातूची हवी. आमची एक प्लॅस्टिकची होती, ती दहा मिनिटांत वाकली आणि गच्चीभर जळका वास पसरला.

१ सप्टेंबर १८५९ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन अशीच पाडलेली चकती समोर ठेवून डाग रेखाटत होते. अचानक डागांवर दोन पांढरेशुभ्र ठिपके चमकले. माणसाला माहीत झालेली ती पहिली सौरज्वाला. साक्षीदार हवा म्हणून ते कुणालातरी बोलवायला धावले. मिनिटभराच्या आत परतले, तोवर ठिपके पार मंदावले होते. आमच्या गच्चीवर म्हणून नियम आहे: कागदाशी कायम दोघं हवेत, आणि चहा आणायला तिसऱ्यानं जायचं.